न्यू मेक्सिकोची मातीची घरं: प्वेब्लोंकडून आकार घेतला, लिंपण किती घेतलं?

नदीकाठ (धागाकर्ता)

सांता फे किंवा अल्बुकर्कीत फिरताना बँक, शाळा, पोस्ट, हॉटेल, अगदी गाड्या उभ्या करायची बहुमजली इमारतसुद्धा मातीच्या रंगाची दिसते. कोपरे गोलसर, छपरं सपाट, भिंतीतून ओंडक्यांची टोकं बाहेर आलेली. पर्यटक याला 'अडोबी शैली' म्हणतात (अडोबी म्हणजे उन्हात वाळवलेली मातीची कच्ची वीट) आणि फोटो काढून पुढे जातात. यातल्या बहुतेक नव्या इमारती मातीच्या नसतात. आत लाकडाचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर रंगवलेला सिमेंटचा गिलावा. ही शैली ज्यांच्याकडून आली त्या प्वेब्लो लोकांच्या वस्त्या मात्र अजून उभ्या आहेत, त्यांत माणसं राहतात आणि त्या खरोखर मातीच्या आहेत. या दोहोंमध्ये नेमकं काय गेलं आणि काय राहून गेलं, यावर बरेच दिवस लिहायचं होतं. वास्तुरचना, स्थापत्य, जुन्या घरांची डागडुजी यांतले जाणकार इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्वेब्लो म्हणजे रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातले आणि त्याच्या पश्चिमेचे शेतकरी मूळ रहिवासी. न्यू मेक्सिकोत त्यांची आज १९ गावं आहेत, शिवाय ॲरिझोनात होपी आणि टेक्सासात इस्लेता देल सूर. भाषा एक नाही: तेवा, तिवा, केरेस, झुनी अशा अनेक. मका, घेवडा, भोपळा ही मुख्य पिकं. घरं एकमेकांना चिकटून, एकावर एक, आणि मधे सगळ्यांचा चौक.

यातलं सर्वांत प्रसिद्ध गाव ताओस. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून जास्त उंचीवर, डोंगराच्या पायथ्याशी. गावातून ओढा वाहतो आणि त्याच्या दोन्ही काठांना दोन मोठे घरसमूह आहेत, पाच मजल्यांपर्यंत चढत गेलेले. इ.स. १००० ते १४५० या काळात ते उभे राहिले असं मानतात. १९९२ साली युनेस्कोने हे गाव जागतिक वारसा यादीत घेतलं. जुन्या वेशीच्या आत वीज नाही, नळ नाही, आणि हे गावाने स्वतः ठरवलेलं आहे. पूर्वी या घरांना जमिनीलगत दारं नव्हती. शिडीने छपरावर चढायचं आणि छपरातल्या तोंडातून आत उतरायचं. हल्ला आला की शिड्या वर ओढून घ्यायच्या. खालच्या घराचं छप्पर हे वरच्या घराचं अंगण. मका वाळवणं, बायकांचं कामकाज, चौकातले नाच बघणं, सगळं तिथेच.

छपराची रचना साधी आहे. सोललेले ओंडके एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टाकायचे. त्यांना इथे विगा म्हणतात. त्यांवर आडव्या बारीक काठ्या, त्यांवर गवत-पाला, आणि वर माती चोपायची. पाणी काढायला छपराच्या कडेतून लाकडी पन्हळ. खोलीची रुंदी किती, तर ओंडका जितका लांब तितकी. आणि ओंडक्यांची टोकं बाहेर का येतात? लोखंड नव्हतं. दगडी कुऱ्हाडीने जाड खोड तोडायला प्रचंड कष्ट पडत, त्यामुळे जादा लांबी कापण्यापेक्षा ती तशीच भिंतीबाहेर राहू देत. घर मोडलं की तोच ओंडका पुढच्या घराला. आज त्याच टोकांची नक्कल करून चार-चार फुटी तुकडे भिंतीवर बाहेरून चिकटवतात. त्यांच्यावर छपराचा काडीइतकाही भार नसतो.

आता हा आकार गावांतून शहरात कसा गेला ते सांगतो.

१८४६ मध्ये अमेरिकी सैन्य आलं, १८८० मध्ये रेल्वे आली. रेल्वेने भाजलेल्या विटा, पत्रे, काचा, रंधलेलं लाकूड आणलं. नव्या लोकांना मातीची घरं मागासलेली वाटत. मातीच्या भिंतींच्या माथ्यावर विटांची किनार आणि खिडक्यांना पांढऱ्या रंगाची लाकडी चौकट बसवायची पद्धत त्याच काळातली. १९१२ साली न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळाला. मुख्य रेल्वेमार्ग सांता फे शहराला वळसा घालून गेल्यामुळे शहराची रया गेली होती. तेव्हा सिल्व्हेनस मॉर्ली, एडगर ह्युएट, जेसी नुसबाउम, कार्लोस व्हिएरा या पुरातत्त्व-कला क्षेत्रातल्या मंडळींनी ठरवलं की शहराने इतर अमेरिकी गावांसारखं दिसायचं नाही, प्वेब्लो आणि स्पॅनिश काळासारखं दिसायचं. १६१० पासूनच्या गव्हर्नरच्या वाड्याचा एकोणिसाव्या शतकातला कठडेदार ओटा काढून नुसबाउमने त्याला जाड खांब आणि विगा असलेली ओसरी बसवली. १९१७ चं कलासंग्रहालय आयझॅक रॅपने बांधलं; त्याचं रूप आकोमा आणि इतर गावांतल्या मातीच्या चर्चांवरून घेतलं आहे. अल्बुकर्कीच्या विद्यापीठात अध्यक्ष विल्यम टाइट यांनी त्याआधीच, १९०८ मध्ये, मुख्य इमारतीला प्वेब्लो रूप दिलं होतं. लोक चिडले. पुढच्या वर्षी त्यांना पद सोडावं लागलं, त्यामागे हा रागही होता असं सांगतात. पुढे त्याच विद्यापीठाने ही शैली आपली ओळख म्हणून स्वीकारली.

मग आला जॉन गॉ मीम. जन्म ब्राझीलचा. क्षयरोगावर उपचार घ्यायला १९२० मध्ये सांता फेच्या आरोग्यधामात आला आणि तिथेच वास्तुरचनाकार झाला. विद्यापीठाचं ग्रंथालय, ला फोंदा हॉटेलचा विस्तार, कितीतरी घरं त्याची. त्याची बरीच मोठी कामं काँक्रीट आणि पोकळ टाइलची आहेत, पण १९४० चं क्रिस्तो रे चर्च खऱ्या कच्च्या विटांचं आहे. दीड लाखाहून जास्त विटा तिथल्याच मातीतून पाडल्या, आणि पाडल्या कोणी, तर त्या चर्चच्याच लोकांनी. १९५७ मध्ये सांता फेने जुन्या भागासाठी नियमच केला की बांधकाम या शैलीतच हवं. त्या नियमाच्या आखणीतही मीम होता.

माझं म्हणणं असं: या सगळ्यात शैली म्हणून जे उचललं ते दिसणारं रूप. प्वेब्लो बांधकामाचा जीव त्या रूपात नाही, दरवर्षी पुन्हा लिंपण्यात आहे. पावसा-बर्फाने भिंत झिजते, वसंत-उन्हाळ्यात सगळं गाव तीच माती परत चढवतं. ताओसची भिंत हजार वर्षांची की गेल्या जूनची? दोन्ही. सिमेंटचा गिलावा लावला की हे काम संपतं, आणि माझ्या मते तिथेच हा वारसाही संपतो. सर्वांची मतं ऐकायची आहेत, विरोधी तर नक्कीच.

कडीपाट

उत्तम धागा. विगा-काठ्या-माती वाचून आमच्या वाड्यांचे कडीपाट आठवले.

एक शंका. कच्च्या विटा तर स्पॅनिश लोकांनी आणल्या असं शिकले होते. मग 'प्वेब्लो अडोबी' यातलं प्वेब्लोंचं किती आणि स्पेनचं किती?

नदीकाठ

कडीपाट, मुद्द्याचा प्रश्न. साच्यात पाडलेली, गवत मिसळून उन्हात वाळवलेली वीट स्पॅनिशांबरोबर आली, आणि त्यांच्याकडे ती उत्तर आफ्रिकेतून, मूरांकडून, म्हणजे तिथून स्पेनमध्ये आलेल्या मुस्लिमांकडून. अंगणातली घुमटाकार भट्टी, जी आज प्रत्येक प्वेब्लो अंगणात दिसते आणि जिच्यात सणाचे पाव भाजतात, तीही त्याच वाटेने आली.

त्याआधी प्वेब्लो मातीतच बांधत होते, फक्त रीत वेगळी. ओली माती हाताने थरावर थर रचायची. एक थर वाळला की वरचा. कोरोनादो या स्पॅनिश सरदाराच्या १५४० च्या स्वारीत आलेल्या पेद्रो दे कास्तान्येदाने हे काम लिहून ठेवलंय. झुडपं-गवत पेटवायचं, अर्धवट जळून कोळसा-राख झाली की त्यावर पाणी आणि माती टाकून मळायचं, त्याचे गोळे करायचे, वाळले की ते दगडासारखे रचायचे आणि त्याच गाऱ्याने सांधायचे. कालवण आणि भिंती बायकांचं काम, लाकूड आणून चढवणं पुरुषांचं, हेही त्याने नोंदवलंय. गिलावा चढवणं आणि कोपऱ्यातल्या चुली घडवणं ही कामं न्यू मेक्सिकोत पुढे शतकानुशतकं बायकांच्याच हातात राहिली, प्वेब्लोंतही आणि स्पॅनिश गावांतही.

म्हणजे वीट बाहेरची, पण सपाट छप्पर, पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत जाणारे मजले, छपरावरचं जगणं, चौकाभोवतीची गावरचना आणि हाताने लिंपणं हे इथलं. स्पॅनिशांची चर्चं याच हातांनी बांधली, आणि तीही जबरदस्तीच्या मजुरीने. आकोमाचं सान एस्तेबान चर्च (१६२९ ते १६४०) शंभर मीटरहून उंच कड्यावर आहे. माती, पाणी सगळं खालून वर वाहून नेलेलं. छपराचे ओंडके दूरच्या माउंट टेलर डोंगरावरून माणसांनी आणले. १६८० मध्ये पोपे नावाच्या धर्मपुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली प्वेब्लोंनी उठाव करून स्पॅनिशांना हाकललं, तेव्हा बारा वर्षं ते सांता फेच्या गव्हर्नर वाड्यात राहिले आणि त्यांनी त्या वाड्याचं प्वेब्लो केलं, वर मजले चढवले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या वाड्याला १९१३ मध्ये मुद्दाम 'प्वेब्लो' रूप दिलं, त्याला प्वेब्लोंनी स्वतः एकदा आपलं रूप दिलेलं होतं.

माळवद

मी लातूरकडचा. आमचं घर माळवदाचं होतं. तुळया, त्यावर काठ्या-पाला, त्यावर पांढरी माती. दर उन्हाळ्यात माती चढवायची, पावसाळ्यापूर्वी चोपायची. दरवर्षी नवी माती, जुनी कोणी काढायचं नाही. ताओसच्या छपराचं वर्णन वाचताना आमच्या आज्याचं काम डोळ्यापुढे आलं.

पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत काय झालं ते आम्ही पाहिलंय. हजारो माणसं झोपेत या मातीखाली गेली. त्यानंतर आमच्याकडे मातीचं घर म्हटलं की आईबाप पोरांना त्यात निजू देत नाहीत. तुम्ही मातीच्या घरांचं इतकं मनापासून लिहिता, तर भूकंपाचं काय? तिकडचे लोक त्यावर काय करतात? खरंच जाणून घ्यायचंय.

चुनागच्ची

माळवद, मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत आहे आणि किल्लारीनंतरचे अहवाल अभ्यासले आहेत, म्हणून थोडं सांगतो.

किल्लारी परिसरातल्या भिंती कच्च्या विटांच्या नव्हत्या. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या, जाडजूड, आतला आणि बाहेरचा पदर वेगळा, मधे भराव. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. हादरा बसला की पदर सुटले. वर वर्षानुवर्षं चढवत आणलेल्या मातीचं प्रचंड ओझं. तुम्ही म्हणता तेच: जुनी माती कोणी काढली नाही. भिंत सुटली की ते ओझं सरळ खाली.

कच्च्या विटांची भिंतही भूकंपात ठिसूळच, यात शंका नको. पेरू, इराण इथे त्याची मोठी किंमत मोजली गेलीय. न्यू मेक्सिकोत भूकंपाचा धोका त्यामानाने कमी आहे, आणि तरी तिथल्या मातीच्या बांधकामाच्या नियमावलीत भिंतीच्या माथ्यावर सलग पट्टा सक्तीचा आहे, काँक्रीटचा किंवा लाकडाचा. तो चारही भिंतींना एकत्र बांधतो आणि छपराचा भार सारखा वाटतो. पाया आणि जमिनीवरची पहिली पट्टी काँक्रीटची. भिंतीची उंची जाडीच्या ठरावीक पटीतच ठेवायची. मातीच्या घरासाठी अशी स्वतंत्र, कायद्याने लागू नियमावली असणारी राज्यं अमेरिकेत मोजकीच. या शैलीचा सर्वांत उपयोगी परिणाम मला विचाराल तर हा आहे: माती तिथे बेकायदा ठरली नाही. आपल्याकडे मातीचं घर कागदावर 'कच्चं', त्यामुळे कर्जापासून सगळीकडे अडचण.

माळवद

धन्यवाद. भिंतींना बांधणारा पट्टा ही गोष्ट आमच्या गवंड्यांना कोणी आधी सांगितली असती तर. पुनर्वसनाच्या घरांत तो पट्टा आहे, पण ती घरं उन्हाळ्यात भट्टीसारखी तापतात. दोन्ही एकाच घरात मिळणं शक्य होतं, हे वाचून बोलावंसं वाटलं.

टेकडीपल्याड

मी बरीच वर्षं सांता फेत राहते, आणि नदीकाठ यांच्या मुख्य म्हणण्याशी माझी सहमती नाही.

१९५७ च्या नियमाने काय वाचवलं ते आधी बघा. त्या काळात अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक गावाने आपलं जुनं केंद्र पाडून वाहनतळ केले. अल्बुकर्कीतलं फ्रान्सिस्कन हॉटेल, प्वेब्लो शैलीतलं १९२३ चं अतिशय देखणं काम, १९७२ मध्ये पाडलं. सांता फेचा चौक, गल्ल्या, बुटकी घरं, आभाळ दिसेल इतपत उंची हे सगळं त्या नियमामुळे टिकलं. आत लाकडी सांगाडा असेना का, रस्त्याने चालणाऱ्या माणसाला शहर अजून आपल्या उंचीचं वाटतं.

दुसरं, खर्च. एक प्रमाण अडोबी वीट १४ इंच लांब, १० इंच रुंद, ४ इंच जाड, वजन सुमारे १४ किलो. घराला हजारो लागतात. माती फुकट, पण हात फुकट नाहीत. पूर्वी गाव जमायचं. आज दोघं नोकरी करणाऱ्या घराला दरवर्षी भिंती लिंपायला सुट्टी कोण देणार? शिक्षिका, परिचारिका अशा बायकांना परवडणारं घर म्हणजे लाकडी सांगाडा आणि वरून गिलावाच. त्यांना 'तुमचं घर खोटं' म्हणणं मला पटत नाही.

जी गोष्ट मला खरंच बोचते ती वेगळी. गरिबाचं घर होतं ते श्रीमंताचं झालं. खऱ्या मातीची जुनी घरं बाहेरून आलेल्यांनी घेतली, किमती चढल्या, कर चढले, आणि ज्यांच्या आज्यांनी त्या भिंती लिंपल्या त्या स्पॅनिश-भाषक कुटुंबांना शहराच्या दक्षिणेला फिरत्या घरांच्या वसाहतींत जावं लागलं. त्यावर बोलायला हवं.

नदीकाठ

टेकडीपल्याड, घर खोटं ही तक्रार घरमालकाकडे नाहीच, आणि नियमाने शहर वाचवलं हे मान्य. किमतींबद्दल तुम्ही लिहिलंत ते माझ्या लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

त्यातच एक जोडतो. ज्या वर्षी ला फोंदा हॉटेल प्वेब्लो रूपात उभं राहिलं, त्याच १९२२ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर बर्सम विधेयक होतं. ते मंजूर झालं असतं तर प्वेब्लोंच्या बऱ्याच जमिनी अतिक्रमण करणाऱ्यांच्या नावे झाल्या असत्या. सगळ्या गावांचे प्रतिनिधी सांतो दोमिंगोत जमले, एकजुटीने विरोध केला, आणि विधेयक पडलं. सांता फे आणि ताओसचे कलाकारही त्यांच्या बाजूने उभे राहिले, हेही सांगायला हवं. पण त्याच दशकात सरकारचं आदिवासी खातं प्वेब्लोंच्या नाचांवर बंधनं आणत होतं. घराच्या रूपाची वाहवा आणि घरातल्या माणसांच्या जमिनीवर, धर्मावर घाला, हे एकाच वेळी चाललं होतं. म्हणून मला नुसत्या रूपाचं कौतुक पुरत नाही.

चुनागच्ची

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल भावनेपलीकडचं एक कारण आहे, ते तांत्रिक आहे.

मातीची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते, पावसाचं थोडं पाणी पिते, आणि ऊन पडलं की सोडते. मातीचा गिलावा हे होऊ देतो. सिमेंटचा गिलावा होऊ देत नाही. शिवाय माती आणि सिमेंट तापून-गार होऊन वेगवेगळ्या मापाने हलतात, म्हणून सिमेंटला बारीक चिरा पडतात. चिरेतून पाणी आत जातं आणि आतच अडकतं. बाहेरून भिंत कोरडी ठणठणीत, आतून तळाशी चिखल. कळतं तेव्हा भिंत बसायला लागलेली असते.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ताओसजवळच्या रांचोस दे ताओस गावातलं सान फ्रान्सिस्को चर्च. बांधकाम १८१६ च्या सुमारास पुरं झालं. मागच्या बाजूचे मातीचे प्रचंड पुस्ते (भिंतीला बाहेरून दिलेले टेकू) जॉर्जिया ओकीफने चित्रांत रंगवले, ॲन्सेल ॲडम्सने छायाचित्रात घेतले. १९६७ मध्ये दरवर्षीचं काम वाचावं म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. आत पाणी कोंडलं, भिंती खराब होऊ लागल्या, आणि १९७९ मध्ये तो सगळा काढून पुन्हा मातीवर यावं लागलं. तेव्हापासून गावकरी दर उन्हाळ्यात जमून चर्च लिंपतात. माती चाळणं, गवत मिसळणं, थापणं, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे.

आपल्याकडे मातीत आणि चुन्यात बांधलेल्या वाड्यांवर सिमेंटचा हात मारतात, तिथे हेच होतं. कृपया करू नका. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करा.

ऊनसावली

ऊर्जाबचतीच्या कामात आहे, म्हणून मला यात रस. प्वेब्लोंचा प्रभाव फक्त दिसण्यापुरता राहिला असं मला वाटत नाही, कारण त्यांची उष्णतेची समज पुढे गेलीय.

आकोमाच्या वस्तीत घरांच्या तीन लांब रांगा आहेत, सगळ्यांची पायऱ्यापायऱ्यांची बाजू दक्षिणेला, आणि पाठ उत्तरेला बंद. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा ऊन भिंतींवर सरळ पडतं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, भिंतीला ऊन कमी लागतं, आणि छपराची जाड माती ते अडवते. रांगांमधलं अंतर असं आहे की हिवाळ्यात पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर चढत नाही. १९७० च्या दशकात राल्फ नोल्स यांनी हे मोजून दाखवलं.

जाड मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला साधारण आठ-दहा तास लागतात, म्हणजे ती रात्री पोचते, जेव्हा हवी असते. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असलेल्या कोरड्या उंच प्रदेशात हे उत्तम चालतं. मुंबई-कोकणात नाही चालणार, तिथे रात्रही दमट आणि गरम. आणि नीट लक्षात घ्या, अडोबी उष्णता साठवते, अडवत नाही. महिनाभर कडाका असेल तर नुसती मातीची भिंत गार पडते. त्यामुळे आजचे नियम बाहेरून उष्णतारोधक थर मागतात.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर सांता फेत सूर्यघरांची लाटच आली. १९७६ चं बाल्कम घर त्यातलं आदर्श: दक्षिणेला दुमजली काचघर, त्याच्या आणि खोल्यांच्या मधे अडोबीची भिंत. दिवसभर भिंत तापते, रात्रभर घराला ऊब देते. डग्लस बाल्कम लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतले. त्यांनी स्वतः त्यात राहून मोजमापं केली. अल्बुकर्कीत वास्तुरचनाकार अँटोइन प्रेडॉकने १९६७ पासून ला लूझ ही अडोबीची घरवस्ती केली: गोल कोपरे नाहीत, विगांची टोकं नाहीत, साध्या सरळ भिंती. पण घरं एकमेकांना चिकटून, वाऱ्या-धुळीकडे पाठ करून, मोकळं रान राखून. नक्कल नसलेला प्रभाव बघायचा तर तिथे बघा.

कडीपाट

ला लूझ शोधून पाहिलं. फार सुंदर. धन्यवाद.

मला अजून एक आठवलं: इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फाथी यांनी न्यू मेक्सिकोत काम केलंय ना?

नदीकाठ

हो, आबिकियूत. दार अल-इस्लाम मशीद. १९८० मध्ये फाथी नूबियन गवंड्यांना घेऊन आले आणि लाकडाच्या आधाराशिवाय कच्च्या विटांच्या कमानी आणि घुमट कसे उभे करायचे ते इथल्या लोकांना करून दाखवलं. उत्तर आफ्रिकेतून स्पेनमार्गे आलेली वीट चार शतकांनी सरळ तिकडूनच पुन्हा इथे आली.

ऊनसावली, ला लूझचा मुद्दा पटला. माझ्या मांडणीत त्याला जागा आहे: रूप न घेता समज घेतली.

आता स्वतः प्वेब्लोंमध्ये काय चाललंय, त्याबद्दल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने गावांबाहेर सुटी सुटी उपनगरी घरं बांधली: प्रत्येकाला प्लॉट, गाडीरस्ता, पाणी, वीज. लोक तिकडे गेले आणि चौकाभोवतीची जुनी घरं रिकामी पडली. मातीचं घर रिकामं राहिलं की लिंपायला कोणी नाही, आणि मग दहा-वीस पावसाळ्यांत ते बसतं. ओके ओविंगे गावाने गेल्या दोन दशकांत उलट वाट धरली. चौकातली सातशे वर्षांपूर्वीच्या वस्तीतली घरं त्याच गृहनिर्माण निधीतून दुरुस्त केली. सिमेंटचा गिलावा काढला, पुन्हा माती लावली, आत स्वयंपाकघर-न्हाणीघर केलं, आणि गावातल्याच तरुणांना हे काम शिकवलं. चौकात कुटुंबं परत राहायला आली. सण-नाच चौकातच होतात, तिथलं घर ही नुसती मालमत्ता नसते.

सांता क्लाराच्या रिना स्वेंत्झेल (१९३९ ते २०१५) या वास्तुरचना शिकलेल्या तेवा विदुषीने यावर फार मोलाचं लिहिलंय. त्यांच्या सांगण्याप्रमाणे घराला आयुष्य असतं. त्याला खाऊ घालतात, आशीर्वाद देतात, आजारी पडलं की बरं करतात. त्यांच्या लहानपणी एका घराला तडा गेला तेव्हा पणजीने समजावलं की हे चांगलं घर होतं, आता त्याची मातीत परत जायची वेळ झाली. थोड्याच काळात ते पडलं. नवं घर त्याच मातीतून झालं.

हे वाचल्यावर 'जतन' या कल्पनेचाच फेरविचार करावा लागतो. आपण वास्तू गोठवून ठेवायला बघतो. त्यांना जपायची आहे ती बांधायची आणि लिंपायची ओढ, शिकलेले हात, एकत्र येणं.

टेकडीपल्याड

हे आवडलं. आणि इथे माझा विरोध थोडा मवाळ होतो. आमच्या गल्लीत एक खरं मातीचं घर आहे. मालकीणबाई दर दोन-तीन वर्षांनी गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून अंगणाची भिंत लिंपून घेतात, घराचा बाकी गिलावा सिमेंटचाच. म्हणजे पूर्ण नाही, पण एक भिंत. अशा मधल्या वाटा शक्य आहेत. घर सांगाड्याचं असेना, अंगणाची भिंत मातीची ठेवायला फार खर्च येत नाही.

तरी दर वाढतात त्याला हे उत्तर नव्हे, हे पुन्हा नोंदवते.

माळवद

येत्या वर्षी मुलाकडे डेन्व्हरला येणार आहे. तिथून हे बघायला जमेल का? काय बघू, कसं बघू?

नदीकाठ

जरूर या. डेन्व्हरहून ताओस गाडीने साधारण पाच तास.

ताओस प्वेब्लोत जाण्याआधी गाव उघडं आहे का ते त्यांच्याकडेच विचारा. हिवाळ्याच्या शेवटी काही आठवडे आणि धार्मिक कार्यांच्या वेळी ते बाहेरच्यांना बंद असतं. प्रवेश शुल्क आहे. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, सणाच्या दिवशी तर अजिबात नाही. फळ्या लावून बंद केलेल्या भागांत आणि किव्हाजवळ (किव्हा म्हणजे धार्मिक विधींची खोली) जायचं नाही. घरांतून मातीची भांडी, भट्टीतला पाव विकत मिळतो, तो घ्या.

तिथून जवळच रांचोसचं चर्च. जूनच्या सुमारास आलात तर लिंपण चाललेलं दिसू शकेल. चर्चच्या मागच्या बाजूला जा, पुस्ते तिकडे आहेत. मग सांता फेत कलासंग्रहालय आणि क्रिस्तो रे चर्च एकाच दिवशी बघा. दोन्हींच्या भिंतीला हात लावा, खिडकीपाशी भिंतीची जाडी बघा. एक मातीचं रूप, एक माती, हे फरकाने कळेल. गव्हर्नर वाड्याच्या ओसरीत प्वेब्लो आणि इतर मूळ रहिवासी कारागीर रोज आपलं काम विकायला बसतात, वस्तू त्यांनी स्वतः किंवा घरच्यांनी केलेली असावी असा तिथला नियम आहे. आकोमा अल्बुकर्कीच्या पश्चिमेला तासाभरावर, वर फक्त गावच्या वाटाड्याबरोबरच जाता येतं.

छपराकडे बघाल तेव्हा पन्हळी बघा. छपराच्या कडेची चढ भिंत आणि पन्हळीचं तोंड, पाणी मुरतं ते तिथे. माळवदावर वाढलेल्या माणसाला ते आमच्यापेक्षा लवकर दिसेल. तिथल्या लिंपणाऱ्यांना छपरावरच्या पांढऱ्या मातीबद्दल सांगाल तर त्यांनाही ऐकायला आवडेल. यायचं ठरलं की धाग्यावर कळवा, गाडीची सोय मी करतो.

माळवद

कळवतो. चोपणं बरोबर आणता आलं असतं तर आणलं असतं, विमानात घेऊ देतात का ते मुलाला विचारतो. आमच्या भागातल्या पांढऱ्या मातीचं प्रमाण, किती जाड थर, किती वर्षांनी जुनी उतरवावी, हे गावातल्या दोन जुन्या माणसांना विचारून लिहून ठेवतो. दोघंही ऐंशीच्या पुढचे आहेत, या महिन्यातच जाऊन येतो.